शिशाची गोळी नितळ का उतरत नाही?

९ जुलै १७७६ रोजी न्यूयॉर्कच्या बोलिंग ग्रीन चौकात जमावाने इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याचा घोड्यावरचा पुतळा दोर लावून खाली ओढला. पुतळा शिशाचा होता, वरून सोन्याचा मुलामा. त्यातले बरेचसे शिसे कनेटिकटमधल्या लिचफील्ड गावी ऑलिव्हर वोलकॉट यांच्या घरी पोचले. तिथे घरच्या पोरांनी आणि शेजारपाजारच्या बायकांनी ते वितळवून गोळ्या ओतल्या आणि काडतुसे भरली. वोलकॉट यांच्या कागदपत्रांत त्याचा माणशी हिशेब आहे. रूथ मार्विन ११,५९२, मेरी अ‍ॅन १०,७९०, लॉरा ८,३७८, धाकटा फ्रेडरिक ९३६. बाकीच्यांच्या धरून सगळ्यांची मिळून बेरीज ४२,०८८.

एवढ्या गोळ्या ओतताना किती गोळ्या पुन्हा भांड्यात गेल्या, हे त्या हिशेबात नाही. पण ज्याने एकदा तरी साचा हातात धरला आहे त्याला ते सांगायला नको.

अमेरिकेत ठासणीच्या बंदुकीची नेमबाजी आजही जोरात आहे. इंडियाना राज्यातल्या फ्रेंडशिप या छोट्या गावी १९३३मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय ठासणी-रायफल संघटनेचे मैदान आहे आणि तिथल्या स्पर्धांना देशभरातून नेमबाज येतात. नळीच्या तोंडातून दारू, त्यावर तेलकट कापडाच्या चकतीत गुंडाळलेली शिशाची गोल गोळी, आणि गजाने ठासणे, ही रीत अडीचशे वर्षांपूर्वीचीच. यातले अनेक जण गोळ्याही घरीच ओततात. तिकडच्या मराठी वाचकाला जवळपासच्या क्लबात हे काम पाहायला मिळू शकते. आपल्याकडे कोकणात शेतीच्या राखणीसाठी परवान्याच्या ठासणीच्या बंदुका आहेत, त्यामुळे वस्तू अनोळखी नाही. मात्र भारतात १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार दारूगोळा तयार करायला परवाना लागतो. घरच्या घरी गोळ्या ओतायची मुभा नाही. पुढचा सगळा मजकूर जिथे कायद्याने हा छंद चालतो तिथल्या लोकांसाठी आहे.

आणखी एक गोष्ट कामाला हात घालण्याआधीच सांगायला हवी. लिचफील्डला मुले शिसे ओतत होती. आज मूल त्या जागेच्या आसपासही असता कामा नये. शिसे मुलांच्या मेंदूच्या वाढीला बाधते, आणि त्याची सुरक्षित अशी मात्रा नाही. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०२१मध्ये मुलांच्या रक्तातल्या शिशाची संदर्भपातळी डेसिलिटरला ५वरून ३.५ मायक्रोग्रॅमवर आणली. गरोदर बाईनेही या कामापासून लांब राहावे. शिसे वितळण्याच्या आसपासच्या तापमानाला वाफ फार कमी निघते. खरा धोका वरच्या राखाडी मळाच्या भुकटीचा. ती हाताला, बाहीला, बुटाला लागून घरात येते आणि तिथून तोंडात जाते. म्हणून काम उघड्यावर किंवा धूर बाहेर ओढणाऱ्या पंख्याखाली करावे. भांडी, पळी, कपडे, बूट वेगळे ठेवावेत. स्वयंपाकघर तर अजिबात नको. काम करताना खाणेपिणे आणि सिगारेट बंद. झाडूने झाडायचे नाही, ओल्या फडक्याने पुसायचे, आणि ते फडके भांड्यापासून दूर ठेवायचे. कारण दुसरा धोका पाण्याचा आहे. वितळलेल्या शिशाखाली पाण्याचा एक थेंब अडकला तरी त्याची क्षणात वाफ होते आणि भांड्यातला रस अंगावर उडतो. पूर्ण चेहरा झाकणारी ढाल, चामड्याचे हातमोजे, लांब बाह्या आणि बंद बूट घातल्याशिवाय भांडे तापवायलाच घेऊ नये.

आता साचा. धातूचे दोन ठोकळे, प्रत्येकात अर्धगोल खळगा. ठोकळे मिटले की आत पूर्ण गोल पोकळी. वर एक सरकती पट्टी असते, तिला सगळे स्प्रू प्लेट म्हणतात. तिच्या भोकातून रस आत जातो, जास्तीचा रस वर थिजतो, आणि पट्टी फिरवली की तो कापला जातो. तो कापलेला तुकडा म्हणजे स्प्रू. लायमन कंपनीचे साचे लोखंडी असतात, ली कंपनीचे अ‍ॅल्युमिनियमचे. अ‍ॅल्युमिनियम पटकन तापते आणि पटकन निवते. लोखंडाला तापायला वेळ लागतो, पण मग ते उष्णता धरून ठेवते.

नवशिक्याचे पहिले बोट शिशाकडे जाते. शिसेच खराब, त्यात काहीतरी भेसळ असणार, दुसरीकडून आणायला हवे! बहुतेक वेळा तसे नसते. गोळीच्या पृष्ठभागावर जे दिसते ते मुख्यतः साच्याच्या तापमानाचे लक्षण असते. भांड्यातल्या रसाचे तापमान त्यानंतर येते आणि धातूचा कस त्याच्याही नंतर. या क्रमाने तपासले तर बरेच शिसे, वेळ आणि पैसा वाचतो. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. उष्णता वाढवली, साचा धुतला आणि कथीलही घातले, तर गोळी सुधारली तरी कशामुळे ते कळणार नाही.

सगळ्यात जास्त तक्रार सुरकुत्यांची. गोळी साच्यातून निघते ती चकचकीत, पण अंगावर वळ्या, घड्या, कुठे रस पोचलाच नाही असा बोथट खळगा. भिंगातून पाहिले तर घडीची कड गोल आणि गुळगुळीत दिसते. तुटल्यासारखी किंवा खरवडलेली नसते. याचा अर्थ रसाची एक जीभ पुढे सरकली, थंड भिंतीला टेकून थिजली आणि मागून आलेली दुसरी तिच्यात मिसळली नाही. कोल्हापूरच्या फाउंड्रीतला ओतारी अशा कास्टिंगकडे पाहून ‘कोल्ड शट’ म्हणेल; दोष तोच, धातू वेगळा. शुद्ध शिसे यात जास्त खोड्या करते. त्याचा पृष्ठताण मोठा आणि वर ऑक्साइडची साय चटकन धरते, त्यामुळे ते कोपऱ्याकोपऱ्यात आपणहून शिरत नाही. शिसे ३२७.५ अंश सेल्सिअसला, म्हणजे ६२१ अंश फॅरनहाइटला वितळते, पण वितळले म्हणजे ओतण्याजोगे झाले असे नाही. शुद्ध शिशासाठी भांड्यात साधारण ३९० ते ४३० अंश, म्हणजे फॅरनहाइटमध्ये ७३५ ते ८०० हवेत. विजेच्या भांड्याच्या बटणावरच्या आकड्यावर विसंबू नये. रसात बुडवायचा थर्मामीटर घ्यावा. भांडे अर्धे रिकामे झाले की बटण तिथेच असूनही रसाचे तापमान हलते.

साचा तापवण्याची सोपी रीत म्हणजे भांडे तापत असताना तो भांड्याच्या काठावर ठेवणे, किंवा विजेच्या शेगडीवर आडवा ठेवणे. गॅसच्या ज्योतीत थेट धरू नये. एक बाजू जास्त तापली की ठोकळे वाकडे होतात आणि मग ते कायमचे. काही जण साच्याचा कोपरा रसात बुडवतात. कोपऱ्याला शिसे चिकटून थिजले तर साचा अजून थंड. शिसे निथळून गेले तर तयार. तरीही पहिल्या धिरड्यासारख्या पहिल्या काही गोळ्या बिघडणारच. त्या न पाहता भांड्यात परत टाकाव्यात आणि हात चालू ठेवावा. नवशिका इथेच चुकतो. प्रत्येक गोळी उचलून उजेडात धरतो, निरखतो, हळहळतो. तेवढ्यात साचा निवतो आणि पुढची गोळीही सुरकुतलेली येते. पाहणी नंतर करावी. ओतणे, थिजू देणे, कापणे, पाडणे, मिटणे, पुन्हा ओतणे: ही लय हीच साच्याची खरी शेगडी आहे.

गोळीच्या आकारानेही फरक पडतो. पॉइंट फिफ्टी बंदुकीसाठी ०.४९० इंची गोळी लागते, तिचे वजन सुमारे १७७ ग्रेन, म्हणजे साडेअकरा ग्रॅमच्या आसपास. एवढे शिसे प्रत्येक ओतणीत साच्याला भरपूर उष्णता देते. उलट खारी टिपायच्या रायफलची ०.३५० इंची गोळी जेमतेम ६४ ग्रेनची. तेवढ्याच ठोकळ्यात ती उष्णता पुरत नाही, म्हणून बारीक गोळ्यांच्या साच्याला वेग जास्त लागतो किंवा रस थोडा अधिक गरम.

लय बरोबर, थर्मामीटर बरोबर, पंचवीस-तीस गोळ्या होऊन गेल्या आणि सुरकुत्या मात्र त्याच जागी? मग तेल. नव्या साच्याला गंज लागू नये म्हणून कारखान्यातून तेल लावून येते. जुन्याला आपणच लावून ठेवलेले असते. त्या तेलाचा अंश तापला की वायू होतो आणि रस भिंतीला टेकू देत नाही. थंडपणाच्या सुरकुत्या गोळीभर कुठेही हिंडतात, तेलाच्या सुरकुत्या एका ठिकाणी बसून राहतात, हा ओळखीचा फरक. गरम पाणी, भांडी घासायचा साबण आणि जुना टूथब्रश यांनी खळगे आणि ठोकळ्यांचे तोंड घासावे. बिजागरीत, पिनांच्या भोकात पाणी राहते, म्हणून धुतलेला साचा आधी नीट वाळवून, शेगडीवर चांगला तापवून, मगच भांड्याजवळ आणावा. ली कंपनी खळग्यांना लायटरच्या ज्योतीने काजळी धरायला सांगते. पातळ काजळीने रसाला भिंतीवरून घसरायला मदत होते आणि गोळी सुटतेही चटकन. जाड थर दिला तर गोळी लहान येते आणि हवा जायच्या रेघा बुजतात.

त्या रेघांबद्दल थोडे. साच्याच्या आतल्या तोंडावर बारीक समांतर खाचा असतात. रस शिरताना आतली हवा त्यांतून बाहेर जाते. काजळी, तेल किंवा शिशाचा पापुद्रा त्यात बसला की हवा अडकते आणि गोळीचा एक भाग भरतच नाही. सांध्याजवळ गुळगुळीत सपाट डाग राहतो. लाकडी टोकदार काडीने खाचा मोकळ्या कराव्यात, सुईने नाही. अ‍ॅल्युमिनियम मऊ आहे, सुईचा ओरखडा पुढच्या प्रत्येक गोळीवर उमटेल.

सुरकुत्यांच्या दुसऱ्या टोकाला मळकट, दुधी पृष्ठभाग. साचा फार तापला की गोळी चमक सोडून देते. अँटिमनी असलेल्या मिश्रधातूत हे जास्त ठळक दिसते, गोळीवर बर्फाची बुरशी धरल्यासारखे. शुद्ध शिशात फक्त निस्तेजपणा येतो. यावर लोक अकारण घाबरतात. हलका दुधीपणा असलेली गोळी पूर्ण भरलेली असते, वजनाला बरोबर उतरते आणि नेमही तसाच धरते. चकचकीत पण सुरकुतलेल्या गोळीपेक्षा ती केव्हाही बरी. मात्र गोळी पाडताना वाकायला लागली, स्प्रूजवळ फाटायला लागली, किंवा साच्याच्या रेघांमधून केसासारखे तंतू निघू लागले, तर थांबावे. साचा जाड सुती टॉवेलवर मिनिटभर टेकवला तरी पुरते. टॉवेल कोरडा हवा. पाण्यात बुडवून साचा निववायचे मोह टाळावेत, साच्यासाठी आणि स्वतःच्या डोळ्यांसाठीही. भांड्यातल्या रसावर निळी-जांभळी-सोनेरी झाक दिसू लागली तर रसही गरजेपेक्षा जास्त तापलेला आहे. अशा उष्णतेत ऑक्साइड भराभर तयार होते आणि हवेतही जास्त शिसे जाते.

साचा नेमका किती तापला आहे हे सांगणारे सर्वात चांगले साधन फुकट मिळते: स्प्रू. ओतून झाल्यावर वरचा गठ्ठा आधी आरशासारखा लखलखतो, मग एका क्षणी त्यावर सावली पसरते आणि तो खरखरीत, मंद दिसू लागतो. तो क्षण थिजण्याचा. ओतल्याबरोबर थिजला तर साचा थंड आहे. तीन ते पाच सेकंद लागले तर काम ठीक चालले आहे. दहा सेकंद उलटूनही तो ओलाच दिसत असेल तर वेग कमी करावा. सावली पडल्यावरही लगेच पट्टी मारू नये, आणखी दोन-तीन सेकंद द्यावेत. घाईने कापले तर अर्धवट थिजलेले शिसे साच्याच्या माथ्यावर पुसले जाते, आणि गोळीच्या डोक्यातून लचका निघतो. हा लचका आणि पुढे येणारी पोकळी यांत गल्लत होते. लचक्याच्या कडा फाटक्या, ओढल्यासारख्या. पोकळीच्या कडा आत वळलेल्या, आणि तिच्या भिंतीवर कधीकधी बारीक स्फटिक चमकतात.

पोकळी हाच खरा शत्रू आहे. सुरकुती डोळ्यांना खुपते, पोकळी दिसत नाही. शिसे द्रवाचे घन होताना घनफळात साधारण साडेतीन टक्के आकसते. गोळी बाहेरून आत थिजते, म्हणजे आकसण्याचा सगळा भार शेवटी ओल्या राहिलेल्या जागेवर येतो. ती जागा बहुधा स्प्रूच्या खाली असते. वरचा गठ्ठा तोपर्यंत द्रव असेल तर तो खाली रस पुरवतो आणि खड्डा भरून निघतो. गठ्ठा लहान असेल किंवा स्प्रू प्लेट थंड असल्याने आधीच थिजला असेल, तर पुरवठा तुटतो आणि गोळीच्या पोटात हवेची कुपी राहते. मोठ्या कास्टिंगवर रायझर ठेवतात तो याचसाठी. इथे स्प्रू हाच रायझर.

म्हणून स्प्रूच्या बाबतीत कंजुषी करू नये. भोकावर नाण्याएवढा ऐसपैस गठ्ठा होईपर्यंत ओतत राहावे. तो वाया जात नाही, परत भांड्यातच जातो. पळीने ओतणाऱ्यांकडे एक चांगली युक्ती आहे. पळीची चोच स्प्रू प्लेटच्या भोकाला घट्ट टेकवायची, साचा आणि पळी दोन्ही एकदम उभे करायचे आणि काही सेकंद तसेच धरायचे. पळीतल्या रसाच्या वजनाने साचा दाबून भरतो आणि आकसेल तसा नवा रस मिळत राहतो. खालून नळ असलेल्या विजेच्या भांड्यात धार भोकाच्या मधोमध सरळ पडली की कधीकधी आतली हवा वर यायला वाट उरत नाही. धार किंचित कडेला पाडली, म्हणजे रस फिरत आत जाईल, तर पुष्कळदा तेवढ्याने काम होते.

न दिसणारी पोकळी शोधायची कशी? तराजूने. ०.४९० इंची गोळी १७७ ग्रेनची असावी. तिच्या पोटात तीन मिलिमीटर व्यासाची कुपी असेल तर वजन सुमारे अडीच ग्रेनने घटते. दोन मिलिमीटरची असेल तर पाऊण ग्रेनने. दशांश ग्रेन दाखवणारा साधा इलेक्ट्रॉनिक तराजू हे पकडतो. शंभरेक गोळ्या वजनाप्रमाणे ओळीत मांडल्या की बहुतेक एका ठिकाणी गोळा होतात आणि काही मागे पडतात. त्या मागच्यांना भांडे. एखादी वरून कितीही देखणी असली तरी दयामाया नको, कारण पिळदार खाचा असलेल्या नळीतून ती फिरत सुटते आणि तिचा जडपणा मध्यावर नसेल तर ती डगमगत जाते. बहुतेक नेमबाज स्प्रूची खूण नळीत नेमकी वरच्या बाजूला, मधोमध ठेवतात. उरलासुरला दोष असलाच तर तो फिरण्याच्या आसावर यावा, एवढाच त्यामागचा हिशेब.

काही वेळा वजन बरोबर असते पण पृष्ठभागावर काळे-तपकिरी ठिपके, वाळूसारखे कण, किंवा बोटाने खरवडले की निघणारी खोलगट खपली दिसते. हा मळ आहे. नळाच्या भांड्यात मळ तळाशी आणि कडेला अडकतो, आणि नळ उघडला की तोच आधी बाहेर येतो. रस ढवळून, चमच्याने कडा व तळ खरवडून वर आणावा, मग मधमाश्यांच्या मेणाचा वाटाण्याएवढा खडा किंवा चिमूटभर पूर्ण कोरडा लाकडी भुसा टाकून ढवळावे. मेण पेट घेते आणि धूर होतो, तेव्हा तोंड मागे ठेवावे. जळताना ते ऑक्साइडमधले शिसे परत धातूत आणते आणि उरलेली राख वर येते. ती पळीने काढून झाकणाच्या डब्यात टाकावी. हाच तो भुकटीचा डबा ज्याची सर्वाधिक काळजी घ्यायची. उघडताना पी-१०० दर्जाचा मुखवटा हवा, आणि डबा कचऱ्यात न टाकता घातक कचऱ्याच्या केंद्रावर द्यावा.

एवढे सगळे तपासून झाल्यावर आता शिशाकडे वळावे. ठासणीच्या बंदुकीला मऊ शिसे हवे, कारण गोळी कापडासकट नळीच्या खाचांत दाबून बसते आणि कापडाचे विणकाम तिच्या अंगावर उमटते. नखाने ओरखडा पडतो का, हा जुना कस आजही उपयोगी आहे. छपराच्या पत्र्याचे, रंगीत काचेच्या खिडकीच्या पट्ट्यांचे, जुन्या नळाचे शिसे बहुधा मऊ असते. गाडीच्या चाकाच्या वजनांत अँटिमनी असते. त्याची गोळी टणक होते, कमी आकसते आणि त्याच साच्यातून किंचित मोठी उतरते, मग ठासायला जड जाते. गाडीच्या बॅटरीतल्या प्लेटा तर कधीच वितळवू नयेत. त्यांतल्या आर्सेनिक आणि अँटिमनीपासून अत्यंत विषारी वायू तयार होऊ शकतात.

चाकाच्या वजनांमधला दुसरा धोका जस्ताचा. हल्ली अनेक वजने जस्ताची किंवा पोलादाची असतात; त्यांवर ‘झेडएन’ किंवा ‘एफई’ ही रोमन अक्षरे कोरलेली दिसतात. जस्त शिशात थोडेसे जरी विरघळले तरी रस दाट होतो, वर पेजेसारखा थर धरतो आणि गोळी कुठल्याही तापमानाला कडा भरत नाही. बचाव सोपा आहे. जस्त ४१९ अंशांच्या पुढे वितळते, शिसे ३२७ला. भंगार वितळवताना रस ३६० अंशांच्या आत ठेवला तर जस्त आणि पोलाद दोन्ही वर तरंगत राहतात आणि पळीने काढून टाकता येतात. एकदा बटण फिरवून ते भांड्यात मुरले की तो घाणा वेगळा काढलेलाच बरा.

शुद्ध शिसे, सगळे योग्य, आणि तरी बारीक साच्यात गोळी भरायला कुरकुर करते, तेव्हा शंभर भागांत एक भाग कथील घालून पाहावे. भांड्यांना कल्हई करायला वापरतात तेच हे कथील. ते ऑक्साइडची साय कमी करते आणि रस पसरट होतो. त्याहून जास्त घातले तर मऊपणा उगीच गमावतो. अनेक जाणकार गोल गोळीत कथील घालतच नाहीत, आणि लय साधली असेल तर त्याची खरोखर गरजही पडत नाही.

सांध्याचे दोष साच्यातच शोधावेत. गोळीच्या कमरेभोवती पातळ पापुद्र्याची कड आली तर ठोकळ्यांच्या तोंडावर शिशाचा कण चिकटला असेल किंवा मूठ पुरेशी आवळली नसेल. अर्ध्या गोळ्या एकमेकींवरून सरकल्यासारखी पायरी दिसली तर जुळवणीच्या पिना झिजल्या आहेत. मायक्रोमीटरने सांध्यावर एकदा आणि सांध्याला आडवे एकदा मोजावे. दोन मापांत दोन-तीन हजारांश इंचांहून जास्त फरक असेल तर तो साचा दुरुस्तीला. डोक्यावर चकती राहत असेल तर स्प्रू प्लेटचा स्क्रू ढिला झाला आहे. पट्टी आपल्या वजनाने सहज फिरेल पण खडखडणार नाही, इतपत तो आवळावा.

पाडलेल्या गोळ्यांना शेवटचा मार आपल्याच हातून बसतो. मऊ शिशाची गरम गोळी दुसऱ्या गोळीवर आपटली की चपटी खूण पडते, आणि ती ओतीव दोष समजून लोक साच्याला दोष देतात. चार घड्यांचा सुती टॉवेल किंचित उतारावर अंथरून त्यावर गोळी पाडावी, म्हणजे ती गडगडत बाजूला जाईल. पाण्याच्या बादलीत गोळ्या पाडायची रीत कठीण मिश्रधातूसाठी आहे. शुद्ध शिसे त्याने कडक होत नाही, आणि भांड्याशेजारी पाणी ठेवण्याचा धोका मात्र पदरात पडतो.

ओतताना निर्दोष असलेली गोळी वर्षभराने पांढरी, खरखरीत झालेली आढळते. तो दोष डब्याचा. ओकच्या लाकडातून आणि कित्येक पुठ्ठ्यांतूनही सेंद्रिय आम्लांची सूक्ष्म वाफ निघत राहते आणि तिच्यामुळे शिशावर पांढरा क्षार धरतो. हा थर विषारी आहे. कोरड्या फडक्याने किंवा नखाने घासून काढू नये. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणि गोळ्यांवर तेलाचा हलका हात पुरतो. पांढऱ्या पडलेल्या गोळ्या पुन्हा वितळवायच्या असतील तर हातमोजे आणि मुखवटा चढवून त्या थंड, रिकाम्या भांड्यात आधी घालाव्यात आणि मग वीज चालू करावी. क्षाराने धरलेला ओलावा अशाने सावकाश निघून जातो. वितळलेल्या रसात वरून त्या कधीही सोडू नयेत.